पोडियमवरच्या म्हशी

पाऊस चार दिवस थांबला नव्हता आणि गोठ्यातली जमीन वाळायचं नाव घेत नव्हती. बकुळा फावड्यानं शेण ओढायची, घमेल्यात भरायची, मागच्या खड्ड्याकडं न्यायची, आणि परत येईपर्यंत तिथं पुन्हा चिखल झालेला असायचा. म्हशींच्या खुरांना भेगा पडल्या होत्या. वैरण भिजून आंबूस वास मारत होती. महिपती पाठीत वाकून धार काढत होता. कासंडीत पडणाऱ्या धारेचा आवाज पत्र्यावरच्या पावसात ऐकूही येत नव्हता.

मांजर्लीत आता हा एकच गोठा उरला होता. तिन्ही बाजूंनी इमारती. पाठीमागं नाला, नाल्यापलीकडं उल्हास नदी. महिपतीच्या बापानं इथं गोठा घातला तेव्हा बदलापूर गावातून इकडं यायला बांधावरून वाट होती. आता समोर सरिता विहार सोसायटी होती. तिथं मल्याळी होते, गुजराती होते, कोकणातले होते, उल्हासनगरहून राहायला आलेले सिंधी होते, आणि गावातल्याच बौद्धवाड्यातली दोन-तीन घरंही होती. त्यातली निम्मी घरं महिपतीचं दूध घ्यायची. दूध घालायला सून जायची, तेजल. लिफ्टमधे किटलीतून थेंब सांडतात म्हणून तिला जिन्यानं जायला सांगितलं होतं, सातव्या मजल्यापर्यंत.

संध्याकाळी छत्री सावरत एक बाई गोठ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. सोसायटीची सेक्रेटरी, संध्या. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. तिच्या पांढऱ्या बुटांवर चिखल उडाला होता.

"काका, मागं पण सांगितलं होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे दोन घरांत डेंग्यू झालाय. एक मुलगी अजून अ‍ॅडमिट आहे. तुमच्या मागच्या खड्ड्यात अळ्या आहेत, मी स्वतः बघितल्यात. गणपतीपर्यंत गोठा हलवा. नाहीतर आम्हाला नगरपालिकेत जावं लागेल."

महिपतीनं धार काढणं थांबवलं नाही. "गोठा आधीचा. तुमी नंतर आलात."

"कोण आधी, कोण नंतर, ते डासाला कळत नाही काका."

"तुमच्या सासूला विचारा मग. लहानपणी ह्याच गोठ्याचं शेण भरून पोट भरलंय त्यांनी."

संध्याचा चेहरा ताठ झाला. "विचारलंय," ती म्हणाली. "कसं भरलं तेही सांगितलंय त्यांनी." आणि ती वळून गेली.

बकुळा फावडं टेकवून उभी राहिली. "काय म्हनली ती?"

"काय नाय. जुनं हाय."

सुंदराबाई, संध्याची सासू, बकुळाला दिसायची ती खिडकीत. ए विंगच्या तळमजल्यावर, पलंगावर बसलेली. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला चालता येत नव्हतं. तळमजल्यावर ती एकटीच अशी होती की गोठा समोर असून पिशवीचं दूध घ्यायची. बकुळाला वाटायचं, मुलगा-सून नोकरीवाले झाले, त्याचा हा तोरा.

जेवताना कैलासनं विषय काढला. कैलास अंबरनाथला एका केमिकलच्या कारखान्यात होता, रात्रपाळीला निघायच्या गडबडीत होता.

"आबा, नदी फुगलीय. नगरपालिकेवाले गाडी फिरवून सांगतायत. मी टेम्पोवाल्याशी बोललोय. उद्या सकाळी धसईला तेजलच्या माहेरी नेऊ सगळ्या. पाऊस ओसरला की आणू परत."

"परत आणू देतील?"

"कोण?"

"हे सगळे." महिपतीनं हातातला घास सोसायटीच्या दिशेनं हलवला. "एकदा गोठा मोकळा दिसला की दुसऱ्या दिवशी पत्रे उपटतील. त्यांना तेच पाहिजे. मी माझ्या हातानं मोकळा करून देऊ?"

"पाण्याला काय त्याचं?"

"पाणी येतं नि जातं. गव्हाणीच्या वर नाय कधी आलं. मी जन्मापासून बघतोय."

"आबा, आता नाल्यावर भिंत घातलीय वरच्या बिल्डरनं. पाणी जाणार कुठं?"

"तू मला शिकवू नको रे. जा कामावर."

कैलासनं डबा उचलला. दारातून त्यानं आईकडं पाहिलं. बकुळानं मान खाली घातली. नवऱ्याचं चुकतंय असं तिला वाटत होतं, पण तसं म्हणायला लागणारी ताकद दिवसभराच्या कामानं संपली होती.

पहाटे ती आणि तेजल गोठ्यात आल्या तेव्हा पाणी घोट्याला लागलं. उजाडता उजाडता ते पोटरीला आलं. नदीकडून नव्हे, नाल्यातून येत होतं, उलट्या बाजूनं, काळं आणि गार. त्यात प्लास्टिक होतं, थर्माकोल होतं, कुणाची तरी चप्पल होती. म्हशी कान टवकारून फुरफुरत होत्या.

"सोडा आता," बकुळा म्हणाली. "आवो, सोडा त्यांना."

महिपती पाण्यात उभा राहून गव्हाणीकडं बघत होता. पाणी गव्हाणीच्या काठाला लागलं, काठावरून आत गेलं, आणि पेंड तरंगायला लागली. तेव्हा तो हलला.

दावी भिजून फुगली होती. गाठी सुटेनात. तेजलनं विळा घेतला आणि सपासप कापायला सुरुवात केली. पाच म्हशी मोकळ्या झाल्या. सहावी, गाभण चांदी, आतल्या कोपऱ्यात होती. मागच्या वर्षी चोरीला भिऊन महिपतीनं तिला साखळी घातली होती. साखळीची कडी खुंट्याच्या तळाशी, पाण्याखाली.

"तुमी व्हा पुढं," तो म्हणाला. "मी हिला घेऊन आलोच."

"कुठं नेऊ?"

"गावाकडं. देवळाच्या चढाला."

पण गावाकडच्या रस्त्यावर मोरीपाशी पाणी नुसतं धावत होतं. एक रिक्षा आडवी होऊन भिंतीला घासत चालली होती. पुढची म्हैस तिथं थबकली आणि मागं वळली. बकुळानं चहूकडं पाहिलं. उंच म्हणावं असं एकच होतं: सरिता विहारचं पोडियम. दोन इमारतींच्या मधे पहिल्या मजल्याच्या उंचीवर गाड्या लावायची मोठी गच्ची, आणि तिच्यावर चढणारा सिमेंटचा रॅम्प.

रॅम्पच्या पायथ्याशी लोखंडी गेट होतं, कुलूप लावलेलं. गेटच्या आत, पाण्याच्या वर, वॉचमन चंदू छत्री धरून उभा होता. वरून गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती. काहींच्या हातात मोबाईल होते.

"चंदू, गेट उघड."

"मावशी, असं कसं उघडू? सेक्रेटरी मॅडमना विचारावं लागंल."

"विचार मग. लवकर विचार."

चंदू जालन्याकडचा. बायकोमुलं गावी ठेवून आलेला, नोकरीला घाबरून असायचा. त्यानं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. पाणी बकुळाच्या गुडघ्याच्या वर आलं होतं. म्हशी एकमेकींना रेटत होत्या, तेजल दोघींची शिंगं धरून उभी होती आणि तिचे दात वाजत होते. मागून, गोठ्याकडून, साखळीचा खणखणाट येत होता.

फोन लागला. चंदूनं स्पीकरवर टाकला.

"म्हशी? पोडियमवर?" संध्याचा आवाज तुटक येत होता. नवरा नोकरीसाठी परगावी असायचा. ती पहाटेच कामावर गेली होती, आणि आता लोकल बंद पडून उल्हासनगरलाच अडकली होती. "नाही चंदू. वर गाड्या आहेत, मुलं फिरतात. एखादी बिथरली तर? त्यांना गावात न्यायला सांग."

"गावचा रस्ता गेला मॅडम."

"मग... थांब. चंदू, ते राहू दे. आई कुठे आहेत? घरचा फोन लागत नाहीये. त्यांची सकाळची बाई आली का?"

चंदूनं ए विंगकडं पाहिलं. बकुळानंही पाहिलं. तळमजल्याच्या खिडक्यांच्या खालच्या गजांना पाणी लागलं होतं. तिथली बाकीची घरं उजाडतानाच वर गेली होती. सुंदराबाईला कुणीतरी नेलं असेल असं प्रत्येकाला वाटलं होतं.

"बाई नाही आली," चंदू म्हणाला. "दाराला तुमचं कुलूप तसंच हाय."

"चावी तुझ्याकडे आहे ना? जा ना मग! जा! त्यांना उठता येत नाही!"

"मॅडम, पाणी लई हाय. मला पोहता येत नाही. आमच्याकडं नदीलाच पाणी नसतंय..." त्याचा आवाज रडवेला झाला. "वरच्यांना हाका मारतो."

त्यानं मारल्या. वरची माणसं आत-बाहेर पळायला लागली, एकमेकांना काही सांगायला लागली. खाली कुणी उतरेना.

तेव्हा बकुळानं गेटच्या गजांतून हात आत घातला. "फोन दे इकडं."

फोन कानाशी धरून ती म्हणाली, "ताई, मी बकुळा. मी आणते तुमच्या सासूला. नदीकाठची हाय मी, पाण्याला भीत नाय."

"आणा मावशी. प्लीज. लवकर आणा."

"आधी गेट उघडायला सांगा."

आपण काय बोललो ते बकुळाला कळलं होतं. तेजल तिच्याकडं डोळे फाडून बघत होती.

"मावशी, त्या बुडतील हो..."

"माझ्या पन बुडतील. सांगा."

एक म्हैस रेकली.

"चंदू," फोनमधून आवाज आला. "उघड."

कुलूप निघालं. गेट पाण्याच्या रेट्यानं उघडेना, तेव्हा तेजलनं बाहेरून खांदा लावला आणि चंदूनं आतून ओढलं. पहिली म्हैस रॅम्पवर चढली, तिच्यामागून बाकीच्या, खुरं घसरवत. वर कुणीतरी किंचाळलं. बकुळानं ते पाहिलं नाही. चंदूकडून घेतलेली चावी दातात धरून ती ए विंगकडं निघाली होती.

जिन्यापाशी पाणी कमरेला होतं. कुलूप उघडलं, पण दार आत ढकलायला तिला पाठ लावावी लागली. आत खुर्च्या तरंगत होत्या. पलंगाची गादी भिजून फुगली होती आणि सुंदराबाई खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरून कमरेपर्यंत पाण्यात बसली होती. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो कोरडा होता. ती त्यांच्याकडं बघत होती.

"कोण गं?"

"बकुळा. महिपतीच्या घरची. हात घाला माझ्या मानेत."

सुंदराबाईनं गज सोडले नाहीत. "तू? तू मला पाठीवर घेनार?"

"हो. चला."

"तुझ्या सासूनं मला कधी दावनीच्या पुढं येऊ दिलं नाय. शेन भरून झालं की भाकर वरनं टाकायची. पदरात. पडली चिखलात तर पडली."

"मला नाय माहीत ते."

"तुला कशाला माहीत असंल."

"सुंदराबाई, पानी चढतंय. वर गेल्यावर मला काय बोलायचं ते बोला. आता हात घाला."

म्हातारीचे हात गजांवरून सुटले ते बोटं आखडलेली तशीच राहिली. बकुळानं वाकून तिला पाठीवर घेतलं, तिचे पाय कोपरात अडकवले. मोडलेल्या खुब्याला कळ लागली तशी सुंदराबाई कानाशीच ओरडली. वजन फार नव्हतं, पण भिजलेलं नऊवारी लुगडं पाण्यात ओढ खात होतं.

दाराबाहेर आली तेव्हा तिला हाक ऐकू आली.

"बकुळेऽऽ! विळा आण! बकुळेऽऽ!"

गोठ्यातून. पत्र्याखालून येणारा महिपतीचा आवाज, आणि त्याच्यामागं चांदीचं रेकणं. विळा तेजलनं आपल्या कमरेला खोचला होता, आणि तेजल वर होती. बकुळा जागच्या जागी उभी राहिली. डावीकडं गोठा, उजवीकडं जिना.

"तो हाक मारतोय तुला," सुंदराबाई म्हणाली.

"ऐकते मी."

"मंग?"

बकुळा जिन्याकडं वळली. एकेक पायरी तळव्यानं चाचपत चढली. पहिल्या मजल्यावर एक मल्याळी बाई आणि सिंध्यांचा मुकेश धावत खाली आले आणि त्यांनी म्हातारीला पाठीवरून उतरवून घेतलं. बकुळा तशीच फिरली. रॅम्पवरून धावत येणाऱ्या तेजलच्या हातातून तिनं विळा घेतला.

गोठ्यात पाणी तिच्या छातीला होतं. महिपतीनं चांदीची मान दोन्ही हातांनी वर धरली होती. तिच्या नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर होत्या. विळ्यानं लोखंड कापत नाही हे दोघांनाही माहीत होतं. बकुळा पाण्याखाली गेली, खुंटा चाचपला, खुंट्याभोवतीची माती विळ्यानं खणायला लागली. वर आली, श्वास घेतला, परत गेली. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा वर आली तेव्हा महिपती म्हणाला, "राहू दे." त्याचे हात तसेच होते, पण धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तो दिवस आणि ती रात्र सगळ्यांनी पोडियमवर काढली. मुकेश "अरे चाची, मेरी गाडी के पास मत बांधो ना" म्हणत आला आणि मग स्वतःच गाडी कोपऱ्यात सरकवून म्हशींना जागा करून दिली. कुणी खिचडी आणली, कुणी चादरी. दुपारी कासा तटतटल्या तेव्हा तेजल गाड्यांच्या मधे बसून धारा काढायला लागली. घराघरांतून पातेली आली. मल्याळी बाईच्या घरी चहा झाला आणि सगळ्यांना वाटला. सुंदराबाई त्याच घरात दिवाणावर घोंगडी पांघरून बसली होती. तिनं पेल्यात डोकावून पाहिलं.

"ह्यांच्या म्हशीचं हाय का दूध?"

"हो आजी."

"मला कोरा दे."

महिपती भिंतीशी बसला होता. दिवसभर तो एकच वाक्य बोलला, तेही बकुळाकडं न बघता. "म्हातारीपायी माझी चांदी घालवलीस."

साखळी कुणी घातली, काल टेम्पो कुणी नाकारला, हे तिच्या ओठावर आलं होतं. पण त्याचे तळवे सोललेले होते, साखळीनं.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. खाली सगळीकडं चॉकलेटी गाळ, आणि त्यावर मेलेल्या जनावराचा वास. नगरपालिकेचा ट्रॅक्टर चांदीला ओढून घेऊन गेला. महिपती त्याच्यामागून नाल्याच्या वळणापर्यंत चालत गेला. कैलास दुपारी पोचला, अंबरनाथहून चिखल तुडवत. त्यानं टेम्पोवाल्याला फोन लावला. या वेळी महिपतीनं नाही म्हटलं नाही.

म्हशी गेल्यावर बकुळा पोडियमवर शेण खरवडत बसली. टाइल्सच्या फटींत ते घट्ट बसलं होतं. तेवढ्यात संध्या आली. घरी जाऊन, सासूला बघून, तशीच वर आली होती. अंगावर कालचाच युनिफॉर्म, गुडघ्यापर्यंत मळलेला.

"आईंनी सांगितलं मला सगळं," ती म्हणाली. "काका हाका मारत होते ते पण."

बकुळा खरवडत राहिली.

"मावशी, एक विचारू? मी नाही म्हटलं असतं तर? नसतंच उघडायला लावलं गेट, तर तुम्ही गेला असता आईंना आणायला?"

बकुळाचा हात थांबला. हो म्हणणं सोपं होतं. समोरच्या बाईला तेच ऐकायचं होतं, आणि दोघींनाही त्यानं बरं वाटलं असतं.

"नसते गेले," ती म्हणाली. "त्या घडीला तरी नसते गेले. माझ्यापुढं म्हशीच होत्या. आता लाज वाटते, पन तेव्हा नाय वाटली."

बोलून तिनं पुन्हा फटींतलं शेण खरवडायला घेतलं.

संध्या कठड्याशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. "मी पण आईंसाठीच उघडायला लावलं," ती म्हणाली. "म्हशी मेल्या असत्या तर मेल्या असत्या." मग नाक पुसून ती वळली. "गोठा परत इथे नको मावशी. ते मी मागे घेणार नाही. कालच्या पाण्यानंतर तर डास वाढणारच आहेत."

"मला वाटलंच."

"आणि ती सकाळची बाई आता येणार नाही, तिचंच घर वाहून गेलंय. आईंजवळ दिवसा कुणीतरी लागेल. तुम्ही बसाल का? पगार देईन, फुकट नाही. मला माझ्या तोंडावर खरं सांगणारं माणूस पाहिजे घरात."

बकुळानं शेणाचं घमेलं उचललं.

रात्री महिपती उसळला. धसईला म्हशींमागं जाण्यासाठी तो कपडे बांधत होता. "त्यांच्या घरी? त्यांचं हागणंमुतणं काढणार तू? भावकीत तोंड कसं दाखवू मी?"

"मग काय करू? मोकळे खुंटे राखू?" बकुळा म्हणाली. "जल्मभर म्हशींचं काढलं तेव्हा भावकी आली नव्हती विचारायला."

त्यानं पिशवीची गाठ मारली, आणि सकाळी पहिल्या एसटीनं गेला.

सोमवारी बकुळा ए विंगच्या तळमजल्यावर गेली. भिंतीवर कमरेच्या उंचीला गाळाची रेघ अजून ओली होती. नवी गादी आली होती. संध्या कामावर निघून गेली आणि घरात दोघीच उरल्या. बकुळानं पाणी तापवलं, टॉवेल घेतला, सुंदराबाईचं अंग पुसून काढलं. पाठ, काखा, गुडघे. म्हातारी छताकडं बघत पडून होती. बकुळा पायांशी आली. तळव्यांच्या भेगांत पुराची माती अजून तशीच होती. तिनं पावलांवरून टॉवेल फिरवला आणि बादली उचलायला वाकली.

"झालं?" सुंदराबाई म्हणाली.

"हो."

"असं नाय. बोटांच्या मधून पूस. नीट."

बकुळानं बादली खाली ठेवली. पलंगाच्या कडेला बसून तिनं ते पाऊल आपल्या मांडीवर घेतलं, टॉवेलाचं टोक पिळलं, आणि करंगळीपासून सुरुवात केली.